ट्रान्स्फर काढणारे रामकिसनराव

रामकिसनरावांनी सगळी नोकरी एसटीत काढली आणि जीव मात्र लावला रेल्वेवर. यावरून रूपाबाईंनी त्यांना जेवढं छेडलं असेल, तेवढं त्यांच्या मेव्हण्यांनीही कधी छेडलं नसेल. "जिनं पगार दिला तिचं एक चित्रसुद्धा घरात नाय," त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "आन जिनं नुसता धूर डोळ्यात घातला तिची इंजिनं काचेच्या कपाटात!"

रामकिसनराव हसून मान डोलवायचे, कारण गोष्ट खरीच होती. त्यांचं बालपण लासूर स्टेशनला रुळांच्या कडेला गेलं. तेव्हा तिथं मीटरगेज होतं. त्या अरुंद रुळांवरून काळी, वाफेची इंजिनं यायची, पाणी प्यायची आणि मनमाडकडं निघून जायची. शाळेत त्यांचं लक्ष का लागत नाही हे मास्तरांना कधी कळलं नाही. पुढं लग्न झाल्यावर रूपाबाईंना ते पहिल्याच महिन्यात कळलं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी सिडको वसाहतीतल्या घराची मागची खोली ताब्यात घेतली. रूपाबाईंच्या लोणच्याच्या बरण्या पलंगाखाली गेल्या आणि त्यांच्या जागी टेबल, दिवा, भिंग आणि वीत-वीत लांबीची इंजिनं आली. त्यांतलं सगळ्यात लाडकं इंजिन त्यांनी कोइमतूरच्या एका गृहस्थाकडून मागवलं होतं. मीटरगेजचं, वाफेचं, काळं कुळकुळीत, अगदी लासूरला यायचं तसं. फक्त एक खोट होती. मागच्या कोळशाच्या डब्यावर पांढऱ्या अक्षरात 'द' लिहिलेला होता. 'द' म्हणजे दक्षिण रेल्वे. लासूरवरून जाणारी होती ती दक्षिण मध्य, म्हणजे 'द. म.'.

"मग पुढं एक म लिहा की," रूपाबाई म्हणाल्या होत्या. "मंगळसूत्रात एक मणी ओवतात तसा."

"द मधोमध लिहिलाय. पुढं म लिहिला तर इंजिन एका अंगाला कललेलं दिसंल."

"कोण येतंय बघायला?"

"मी बघतो ना."

म्हणजे जुना 'द' काढून मधोमध नवं 'द. म.' बसवणं आलं.

ते अक्षर रंगानं लिहिलेलं नव्हतं. कागदावरून पाण्यानं सरकवून बसवतात तशी ती पातळ नक्षी होती. या नादातली माणसं तिला ट्रान्स्फर म्हणतात. बसवायची सोपी, काढायची महाकठीण. तिच्यावर वार्निशचा हात मारलेला असतो, खाली मूळ रंग असतो, आणि वरचं काढताना खालच्याला ओरखडा जाता कामा नये. पहिल्या खेपेला रामकिसनरावांनी दुसऱ्या एका इंजिनावर लेकीची नेलपॉलिश काढायची बाटली वापरली. अक्षर गेलं, रंग गेला, आणि खालचं प्लॅस्टिक उन्हात ठेवलेल्या गुळासारखं पाघळलं. तेव्हापासून माणूस सावध झाला. घरातल्या वस्तू मात्र सावध राहिल्या नाहीत. कान कोरायच्या कापसाच्या काड्या गेल्या, दात कोरायच्या काड्या गेल्या, सिरक्याची बाटली गेली, सेलोटेप गेली. रूपाबाईंचा भुवयांचा चिमटा गेला तेव्हा मात्र त्यांनी मागच्या खोलीत जाऊन झडतीच घेतली.

त्याच आठवड्यात भिशी होती. कुणीतरी विचारलं, भाऊ काय करतात आजकाल?

"करतात काय! दिवसभर ट्रान्स्फर काढत बसतात," रूपाबाई म्हणाल्या. "एकेका ट्रान्स्फरच्या मागं आठ-आठ दिवस. पण काढली की अशी काढतात, कुठं डाग म्हणून राहत नाय."

शेजारच्या गौहरभाभींनी हातातला समोसा खाली ठेवला. "रिटायर होके भी?"

"रिटायर झाल्यावरच तर सुरू केलं."

"और किसी को पता भी नहीं चलता?"

"भिंग लावून बघितलं तरी नाय कळत."

गौहरभाभींचे डोळे मोठे झाले ते पाहून रूपाबाईंच्या लक्षात आलं, की बाईला भलतंच काहीतरी ऐकू आलंय. सांगणारच होत्या. पण तेवढ्यात चिठ्ठी काढायची वेळ झाली, आणि खरं सांगायचं तर गौहरभाभींचा तो चेहरा आणखी थोडा वेळ बघावासा वाटला. मग राहिलं ते राहिलंच. गौहरभाभींचे मालक वहाबभाई सिल्लोडला मक्याचे व्यापारी, रोज जाऊन-येऊन करणारे. सिल्लोडकडं जाणाऱ्या जळगाव रोडवरनं बातमी किती वेगानं जाते याचा हिशोब रूपाबाईंनी केला नव्हता.

पुढच्या रविवारी सकाळी दारात जीप उभी राहिली. तिच्यातून पांढरेशुभ्र कपडे घातलेले, भरघोस मिशांचे गृहस्थ उतरले. मागून एक तरणा मुलगा हिरव्या कणसांचं पोतं घेऊन आला.

"मी आप्पासाहेब, सिल्लोडचा," गृहस्थ म्हणाले. "हा आमचा शिवम. वहाबशेठनी पत्ता दिला. रामकिसनराव हायेत का?"

रूपाबाईंनी त्यांना बसवलं. कणसांचं पोतं बघून त्यांना जरा शंका आली, पण ती पक्की व्हायच्या आत रामकिसनराव चष्मा कपाळावर चढवून बाहेर आले.

आप्पासाहेबांनी घसा साफ केला. "तुमी ट्रान्स्फर काढता असं ऐकलं."

रूपाबाईंना भिशीतलं आपलं बोलणं आठवलं. त्या पुढं होऊन बोलणार, इतक्यात त्यांची नजर नवऱ्याच्या चेहऱ्यावर गेली आणि तोंड उघडलं तसंच मिटलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण असा चेहरा त्यांनी दोनदाच पाहिला होता: लेक झाली तेव्हा, आणि कोइमतूरचं खोकं आलं तेव्हा. इतक्या वर्षांत घरी आलेल्या एकाही माणसानं रामकिसनरावांना आपण होऊन इंजिनांबद्दल विचारलं नव्हतं. आणि आज सिल्लोडहून कुणी जीप करून आलं होतं.

"काढतो की!" रामकिसनराव खुर्ची ओढून अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसले. "तुमच्याकडं हाये का एखादी?"

"एकच हाये. पोराची."

"पोराची? वा! तरुण मंडळी यात यायला पायजेत. कधी बसलीय?"

"ऑर्डर मागल्या महिन्यात आली. मुंबईहून."

"मुंबईचा माल बरा असतोय. मग ताजी हाये म्हणा. ताजी लवकर निघती." रामकिसनराव पुढं झुकले. "काय लिहिलंय तिच्यावर?"

"रत्नागिरी."

"कोकण रेल्वे! छान. आन तुमाला काय पायजे तिथं?"

"सिल्लोड."

रामकिसनराव विचारात पडले. "पण आप्पासाहेब, सिल्लोडला रेल्वे कुठं हाये?"

"तेच तर म्हणतोय मी!" आप्पासाहेबांनी मांडीवर थाप मारली. "रेल्वे नाय, सरळ गाडी नाय. एवढ्या लांब पोरगं गेलं तर भेटायचं कसं? आन तिथं लोक दोन्ही वेळा भात खातात म्हणं."

या भाताचा इंजिनाशी काय संबंध हे रामकिसनरावांना कळलं नसावं, पण आनंदात असलेला माणूस असल्या बारीकसारीक गोष्टींवर अडत नाही.

"होऊन जाईल," ते म्हणाले. "फक्त घाई करायची नाय. आधी ओलं करावं लागतं."

आप्पासाहेबांनी आवाज खाली आणला. "ते आलंच. ओलं केल्याबिगर कुठं काय हालतंय? कितपत करावं लागंल?"

"दोन-चार थेंब. लई ओलं केलं की बिघडतं."

"दोन-चार थेंबांत भागतं?" आप्पासाहेब थक्क झाले. "वहाबशेठ म्हणाला ते खरंय. सरळ मानूस."

रूपाबाई पदर तोंडात कोंबून स्वयंपाकघरात पळाल्या. ओट्याला धरून त्या हसत होत्या, तेव्हा मागं चाहूल लागली. शिवम दारात उभा होता.

"काकू, पाणी मिळंल?"

त्यांनी डोळे पुसून तांब्या दिला. पोरगं पाणी प्यायलं, पण गेलं नाही. तांब्याच्या काठावरून अंगठा फिरवत राहिलं.

"काकू, काकांना एक सांगाल का? हे काम करू नका म्हणावं."

"का रे बाबा?"

"ती ट्रान्स्फर मीच मागून घेतलीय. बँकेत मीच अर्ज दिला होता रत्नागिरीसाठी." त्यानं बाहेरच्या खोलीकडं बघितलं. "आप्पांना वाटतंय माझ्यावर अन्याय झालाय. धा जणांकडं जाऊन आले. मला तोंडच उघडता येईना."

"सिल्लोडला काय त्रास हाये का तुला?"

"त्रास काय नाय. आप्पा लई जीव लावतात. रातच्याला आमच्या खोलीचा दिवा कधी बंद झाला हेबी सकाळी विचारतात." शिवमचे कान लाल झाले. "लग्नाला वर्ष झालं. मोनिका म्हणती, कुठंतरी दोघं राहून तर बघू. तिनं समुद्रबी बघितला नाय."

रूपाबाईंचं हसू आता ओसरलं. आपण भिशीत सोडलेली एक पुडी सिल्लोडपर्यंत जाऊन कणसांचं पोतं घेऊन परत आली होती, आणि तिच्या दोन्ही टोकांना खरीखुरी माणसं लटकलेली होती. बाहेर जाऊन सांगावं तर नवऱ्याचा चेहरा पडणार. न सांगावं तर बिचारे आप्पासाहेब आशेवर राहणार. त्या चहाचं आधण ठेवून विचार करू लागल्या, आणि बाहेरून रामकिसनरावांचा आवाज आला.

"एक ध्यानात ठेवा, आप्पासाहेब. ओढाताण करायची नाय. ती आपण होऊन सुटली पायजे. ओढली की खालचा रंग घेऊन येती, मग कायमचा चट्टा. चला, आतच चला, दाखवतोच तुमाला."

रूपाबाई चहा तसाच टाकून धावल्या, शिवम त्यांच्या मागून. पण दोघं पुरुष मागच्या खोलीत पोचले होते. टेबलावर दिव्याखाली ते काळं इंजिन उभं होतं आणि डब्यावरच्या 'द'वर ओल्या कागदाचा बारीक तुकडा चिकटवलेला होता.

आप्पासाहेबांनी खोलीभर नजर फिरवली. फाईल कुठं दिसेना, फोन कुठं दिसेना. "आन ट्रान्स्फर?"

"ही काय." रामकिसनरावांनी चिमट्यानं ओला कागद अलगद उचलला. "सकाळपासून भिजतीय. कोमट पाणी, त्यात सिरक्याचे थेंब. बघा, कड उचललीय."

आप्पासाहेबांनी इंजिनाकडं पाहिलं, चिमट्याकडं पाहिलं, मग कपाटातल्या सगळ्या इंजिनांवरून नजर नेत दारातल्या रूपाबाईंपाशी आणून थांबवली.

"वहाबला बघतोच मी," ते हळूच म्हणाले.

"वहाबभाईंची चूक नाय," रूपाबाई म्हणाल्या. आता लपून उपयोग नव्हता. "मीच भिशीत बोलले. यांची मस्करी करायला म्हणून बोलले, गौहरभाभींना वाटलं बदलीचं काम करतात. मला कळलं होतं त्यांना काय वाटलं ते. सांगायला पायजे होतं."

रामकिसनराव एकाकडून दुसऱ्याकडं बघत राहिले. मग त्यांना एकेक करून सगळं उमगत गेलं असावं: रत्नागिरी, भात, कणसांचं पोतं. "म्हंजे तुमी इंजिनासाठी नव्हता आला," ते म्हणाले आणि चिमटा टेबलावर ठेवला. तो ठेवायचा आवाजसुद्धा झाला नाही, आणि रूपाबाईंना वाटलं, आदळला असता तर बरं झालं असतं.

आप्पासाहेबांना राग यायचा सगळा हक्क होता. पण ते चार माणसांत वावरलेले गृहस्थ. समोरच्याचा पडलेला चेहरा त्यांना दिसला. त्यांनी स्टूल ओढलं, धोतराचा सोगा सावरला आणि टेबलाशी बसले.

"आता आलोच हाव तर दाखवा तरी," ते म्हणाले. "कड उचलली, पुढं काय?"

रामकिसनरावांनी एकवार त्यांच्याकडं बघितलं आणि चष्मा डोळ्यांवर घेतला. पाच मिनिटांत त्यांना आपण कशामुळं हिरमुसलो होतो तेही आठवत नसावं. दात कोरायच्या काडीला ब्लेडनं चपटं टोक कसं करायचं, ते कडेखाली किती तिरपं घालायचं, क्रांती चौकातून आणलेलं गाडीचं पॉलिश कापसाच्या काडीवर मोहरीएवढंच का घ्यायचं, सगळं त्यांनी सांगितलं. "आन कापूस काळा दिसला की हात थांबवायचा. काळा म्हंजे आपला रंग यायला लागला. कुठलंबी औषध आधी इंजिनाच्या पोटाखाली लावून बघायचं, जिथं कुणाची नजर जात नाय."

आप्पासाहेब मन लावून ऐकत होते. बियाणं घेतानाही ते असंच ऐकत असणार. अर्धा 'द' निघाला. उरलेल्या अर्ध्यावर रामकिसनरावांनी सेलोटेपचा तुकडा हलकेच दाबला.

"आता ही टेप सावकाश, जवळजवळ आडवी..."

"द्या, मला करू द्या," आप्पासाहेब म्हणाले, आणि उसाचं पाचट ओढावं तशी त्यांनी टेप ओढली.

'द' निघाला. त्याच्याबरोबर नखाएवढा काळा रंगही निघाला आणि खालचं करडं प्लॅस्टिक उघडं पडलं.

आप्पासाहेब टेप हातात धरून बसले. रामकिसनरावांनी डोळे मिटले, उघडले आणि म्हणाले, "होतं असं." अंत्ययात्रेत म्हणतात त्या आवाजात.

"माफ करा, रामकिसनराव. माझा हात जड हाये."

"नाय नाय. पहिल्या खेपेला माझंबी..."

"आप्पा," शिवम मागून म्हणाला. "रत्नागिरी मी मागून घेतली."

रूपाबाईंनी त्याच्याकडं कौतुकानं पाहिलं. पोरगं दिसतं तेवढं भोळं नव्हतं. धा ठिकाणी ज्याला तोंड उघडता आलं नाही, त्यानं बापाच्या हातात परक्या घरचा उखडलेला रंग असतानाची वेळ बरोबर गाठली होती. अशा वेळी ओरडणार कसं?

"मागून घेतली?" आप्पासाहेब टेप तशीच धरून वळले. "कशापायी?"

"दोघं जरा राहून बघतो. तीन वर्षांत परत येतो."

"आन भाकर? तिथं भाकर कोण देणार तुला?"

"मोनिकाला येती. मलाबी येती. तिनं शिकवली."

"तुला?" आप्पासाहेबांना बदलीपेक्षा हाच धक्का मोठा बसल्यासारखा दिसला. "तू भाकर थापतो? आमच्या घरात?"

"तुमी पारावर जाता तवा. परवा तुमी खाल्ली ती माझीच होती."

आप्पासाहेबांनी आठवून पाहिलं. "जाड होती," ते शेवटी म्हणाले.

चहा उकळून उकळून काढा झाला होता. रूपाबाईंनी तो ओतून दिला, दुसरा केला, आणि चौघांनी तो मागच्या खोलीतच घेतला. निघताना शिवमनं जीपची किल्ली पुढं केली, तर आप्पासाहेब म्हणाले, "तूच चालव. लांबची सवय व्हायला पायजे." आणि कणसांचं पोतं ठेवूनच गेले. रूपाबाईंनी परत न्या म्हणून किती सांगितलं, पण ऐकलं नाही.

त्या दुपारी रूपाबाईंनी कणसं भाजून, मीठ-लिंबू चोळून मागच्या खोलीत नेली. रामकिसनराव भिंगातून तो चट्टा बघत होते.

"लई वाईट दिसतंय का?" रूपाबाईंनी विचारलं.

"बुजंल. रंगाचे पातळ हात द्यायचे, वाळू द्यायचे, मग पॉलिश, मग वार्निश." रामकिसनरावांनी मान वर केली नाही. "भिशीत आणखी काय काय सांगितलंस माझ्याबद्दल?"

"घोरता म्हणून सांगितलंय."

"ते खरंय."

"आन शोकेस पुसायला मला हात लावू देत नाय म्हणून."

"तेबी खरंय." आता ते हसले, पण थोडंच. "रूपा, तो माणूस खुर्चीत बसला ना, मला वाटलं खरंच कुणी आलंय."

रूपाबाईंनी कणसाची ताटली खाली ठेवली. मग त्यांनी दिव्याची मान धरून उजेड चट्ट्यावर आणला. "इकडून नीट दिसतंय का?"

"जरा डावीकडं. हां, तसाच धर."

अर्धा तास त्यांनी दिवा धरला. हात भरून आला, पण सांगितलं नाही. काळ्या रंगाचा पहिला हात बसला तेव्हा त्यांनीच विचारलं, ते नवं 'द. म.' कधी यायचं आणि ते बसवायचं कसं. सगळं कळलं असं नाही. निम्मं कळलं, आणि उरलेल्या निम्म्यालाही त्यांनी मान डोलवली. गौहरभाभींना मात्र दुसऱ्याच दिवशी जाऊन सगळं सांगितलं. गौहरभाभी इतक्या हसल्या, की वहाबभाई काय झालं म्हणून माडीवरून खाली आले.

शिवम आणि मोनिका दसऱ्याच्या आधी रत्नागिरीला गेले. आप्पासाहेब दिवाळी झाल्यावर त्यांच्याकडं जाऊन आले, आणि परत येताना, सिल्लोडला घरी जायच्या आधी, सिडकोत थांबले. अंगावर प्रवासाची धूळ, हातात कोकमांची पिशवी. रामकिसनरावांनी त्यांना टेबलापाशीच बसवलं. रूपाबाईंनी विचारलं, पोरं कशी आहेत?

"बरी हायेत. घर लहान हाये, पण नीटनेटकं ठेवलंय सूनबाईनं. चार दिवस मी भातच खाल्ला." त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "वाईट नसतो."

"आन समुद्र बघितला का?"

"बघितला तर. सांजच्याला रोज न्यायची दोघं." आप्पासाहेबांनी फोन काढून फोटो दाखवला. त्यात पाण्याच्या कडेला मोनिका आणि शिवम उभे होते, आणि मधे आप्पासाहेब धोतर गुडघ्यापर्यंत वर धरून. ते फोटोकडं बघत हळहळून म्हणाले, "नजर पोचत नाय एवढं पाणी, रामकिसनराव. आन एका वाफ्याला द्यायच्या कामाचं नाय."